केबल काढल्यावर

हॉस्पिटलमध्ये डोळे उघडल्यावर बाबा पहिलं वाक्य बोलले ते दादाशी. "बटण दाबायचं राहिलंच रे. विसरलो."

दादाने माझ्याकडे पाहिलं. आणि खोटं कशाला सांगू, माझा जीव भांड्यात पडला. बाबा बाथरूममध्ये पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत ते ओल्या फरशीवर पालथे पडून होते. शेजारच्या काकूंनी दार बडवून बडवून शेवटी कुलूपवाल्याला बोलावलं. या सगळ्या वेळात त्यांच्या गळ्यात मी केलेलं बटण होतं. त्यांनी ते दाबलंच नव्हतं, म्हणजे दोष बटणाचा नव्हता. वडील मरता मरता वाचलेले आणि लेक मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती. अशी मी.

मी अँटेना बनवते. मोबाइलच्या, मनगटी घड्याळांच्या, कानातल्या यंत्रांच्या. लोकांना अँटेना म्हटलं की छपरावरची काठी आठवते. माझी अँटेना नखाएवढी असते, आणि बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा अशी सगळी बडी मंडळी बसून झाली की उरलेल्या कोपऱ्यात तिला ढकलतात. त्या कोपऱ्यासाठी मी वीस वर्षं लोकांशी भांडत आलेय. मी नाकावर माशी बसू देत नाही असं ऑफिसात म्हणतात, आणि ते काही चूक नाही.

हे बटण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी होतं. दोरीने गळ्यात घालायचं. दाबलं की हॉलमधल्या डब्याला संदेश जातो आणि डबा घरच्यांना फोन लावतो. साठ घरांत आम्ही ते चाचणीसाठी दिलं होतं. त्यातलं एक घर बाबांचं.

आई गेल्यापासून दादाचा एकच धोशा होता, की ऐंशीला टेकलेल्या माणसाने एकटं राहू नये, चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय. बाबा आयुष्यभर लेथवर काम केलेले. मागच्या खोलीत त्यांचं जुनं लेथ अजून आहे, रोज तेलपाणी होतं. वृद्धाश्रमाचा अर्ज त्यांनी दोनदा फाडून दादाच्या हातात दिला होता. शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून हे बटण लागलं तर बाबा इथेच राहतील. मी दोरीला धरून ते खोलीखोलीत नेलं आणि दाबलं, बाथरूममध्येसुद्धा. दर वेळी दादाचा फोन वाजला.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "पण बाबा, एकदा जरी दाबायला विसरलात, तर मी ऐकणार नाही. डोक्याने साथ सोडली की घर सोडायचं."

"कबूल," बाबा म्हणाले होते.

त्यामुळे हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी दादा नवा अर्ज घेऊन आला तेव्हा मला मध्ये पडता येईना. बाबांनी अर्ज वाचलासुद्धा नाही. "ठेव तिथे. हात जरा स्थिर झाला की सही करतो." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. हा माणूस इतक्या मुकाट्याने आजवर कशालाच तयार झालेला नव्हता.

चाचणीचा नियम होता की घरात काही अपघात झाला तर बटण उघडून आतली नोंद वाचायची. सोमवारी सकाळी मी ते टेबलावर घेतलं, कॉम्प्युटरला जोडलं. निव्वळ औपचारिकता म्हणून.

त्रेचाळीस वेळा दाबलं होतं.

पहिले दहा दाब भराभर, एकामागोमाग एक. पुढचे तेहेतीस सावकाश, आणि दोन दाबांमधलं अंतर जवळपास सारखं, शंभर सेकंदांच्या आगेमागे. शेवटची दोन-तीन अंतरं थोडी लांबली होती. मग काही नाही. डब्याच्या नोंदीत त्या सकाळी एकही संदेश पोचलेला नव्हता.

मी उठून कपाटातून माझा स्वतःचा चाचणी अहवाल काढला, आणि दुसऱ्याच पानावरच्या फोटोत मला माझी चूक दिसली.

इतकी लहान अँटेना एकटी काम करत नाही. तिच्यामागचा धातूचा थर हा तिचा दुसरा अर्धा भाग. मोजण्यासाठी तिला केबल जोडावी लागते आणि ती केबल त्याच धातूला चिकटते. मग हातभर केबल स्वतःच अँटेना होऊन बसते. आकडे झकास येतात आणि कौतुक नखाएवढीचं होतं. हे टाळायला केबलवर फेराइटची काळी कडी चढवायची, म्हणजे केबलची लुडबुड थांबते. नव्याने आलेल्यांचे कान धरून मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. फोटोतली केबल मात्र उघडी होती. कडी त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर होती, आणि आकडा मनासारखा आला होता. वाईट आला असता तर मी दहा वेळा मोजलं असतं.

मी तसंच एक बटण घेऊन चाचणीच्या बंद खोलीत गेले. भिंतींना, छताला स्पंजची काळी टोकं लावलेली ती खोली, तिथे स्वतःचा श्वासही परका वाटतो. केबल काढली आणि बटणाला स्वतःच्या बॅटरीवर बोलू दिलं. कागदावर मी लिहिलेल्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा निघाला. दोरीला धरून हवेत दाबलं तर तेवढा पुरतो. माणूस ओल्या फरशीवर पालथा पडून छातीखाली दाबत असेल, तर नाही पुरत. त्याच वेळेसाठी जी जास्तीची ताकद मी राखून ठेवली होती, ती सगळी केबलची होती. मी तिथेच जाळीच्या जमिनीवर बसून रडले.

आमच्या प्रमुख बाईंसमोर मी जुना अहवाल आणि नवे आकडे ठेवले. त्यांनी फोटो पाहिला. "कडी नाही? तू?" एवढंच म्हणाल्या. ते मला कानाखाली मारल्यासारखं लागलं. मग हळूच म्हणाल्या, "तुझे वडील तर म्हणतायत की दाबलं नाही."

"हो."

"म्हणजे तक्रार कुणाचीच नाही. पुढच्या आवृत्तीत गुपचूप सुधारता येईल."

मी एक क्षण विचार केला, हे लपवत नाही. मग उरलेली एकोणसाठ घरं डोळ्यांपुढे आली. "आजच सगळ्यांना कळवू या," मी म्हटलं. "बटणं परत मागवायची. आणि अहवालावर चूक माझ्या नावाने लिहा." त्यांनी मान डोलावली आणि फोन उचलला.

दुपारी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते आणि दादा त्यांच्या हातात पेन देत होता.

"थांब," मी म्हटलं. "दादा, बाबा विसरले नव्हते. त्यांनी बटण दाबलं होतं. ते लागलं नाही. मी मोजायला चुकले होते."

बाबांनी डोळे मिटून घेतले. "कशाला बोललीस? मी निभावून नेलं होतं ना सगळं."

"काय निभावून नेलंत? घर चाललं होतं तुमचं!"

"घराचं काय एवढं. तुझं नाव गेलं असतं."

दादा गोंधळला होता. "एक मिनिट. तू यांना वाचवायला हे सांगतेयस. दाबलं असेल एखाद वेळ, यांना काय आठवणार? पाच तास पडलेला माणूस."

"त्रेचाळीस," बाबा म्हणाले.

मी हा आकडा कुणालाच सांगितला नव्हता. बॅगेतून नोंदीचा कागद काढून मी दादाच्या हातात दिला.

"पहिले दहा घाबरून," बाबा म्हणाले. "मग म्हटलं, घाई करून उपयोग नाही. दर वेळी मनात शंभर मोजायचे आणि एकदा दाबायचं. असे तेहेतीस. पुढचं शंभर काही पुरं झालं नाही."

दादा कागदावर बोट ठेवून एकेक ओळ खाली जात राहिला. शेवटच्या ओळीला त्याचं बोट थांबलं. त्याने बाबांच्या हातातलं पेन काढून घेतलं, अर्जाची घडी करून खिशात घातली आणि खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी बाबांचा हात धरला. उजव्या अंगठ्याच्या पेरावर अजून काळानिळा डाग होता, बटणाएवढा गोल.

"दहा वेळा लागलं नाही, तेव्हाच कळायला हवं होतं की बिघडलंय," मी म्हटलं. "पुढे का दाबत राहिलात?"

"बिघडलंय असं तेव्हा मनात आलंच नाही," बाबा म्हणाले. "तू केलेलं होतं ना."