डावीकडचा क्लच

गाडी चढावर बंद पडली आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही.

"ओ ताई, मैदान में जाके सीखो ना!"

"त्याका बोंबलू दे," शेजारच्या सीटवरून बाबा म्हणाले. अर्धांग झाल्यापासून त्यांचे शब्द तोंडाच्या एकाच बाजूने बाहेर पडत. "हँडब्रेक ओढ. क्लच पुरो आत. पहिलो टाक. आता टाच खाली ठेव, नुसतो चवडो उचल. इंजिनाचो आवाज जड झालो काय थयच थांब."

हेमांगीने चवडा उचलला. आवाज जड झाला, पण तिचा पाय थांबला नाही. गाडीने गचका खाल्ला आणि पुन्हा बंद पडली. त्या गचक्याने बाबांचं डोकं पुढे झुकलं, डावा खांदा दारावर आपटला. हेमांगीने रिक्षावाल्याकडे बघितलं नाही, बाबांच्या खांद्याकडेही नाही. तिने आधी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. पाय त्यांच्या बाजूच्या क्लचवर ठेवला होता तसाच होता.

"हललो?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मगे परत कर."

बाबा, म्हणजे भिकाजी घाडी, विक्रोळीच्या सागर मोटार ट्रेनिंग स्कूलमधले सगळ्यात जुने मास्तर. शिकाऊ गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात, खालून दांड्याने जोडलेले. एका बाजूचं पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूचंही खाली जातं. अर्धं कन्नमवार नगर बाबांच्या डाव्या पायाखाली गाडी शिकलं होतं. बायका पहिल्याच आठवड्यात घरी जाऊन सांगायच्या, मला क्लच जमला. क्लच बाबांना जमलेला असायचा.

गणपतीला गावी जाऊन आले आणि एका सकाळी चहाचा कप धरताना त्यांची डावी बाजू गेली. हातात पुढे थोडी जान आली. पायात आली नाही. व्यायाम करून घ्यायला येणारी रुचिरा एकदा म्हणाली, "काका, पायाला ज्या कामाची सवय आहे ते त्याला आठवू द्या. काय करायचा तुमचा पाय?"

"लोकांच्यो चुको निस्तरायचो," बाबा म्हणाले.

रुचिरा हसली आणि विसरून गेली. बाबा विसरले नाहीत. नवशिका चुकला की आपला पाय डोक्याला विचारत नाही, आपणच जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. पायाला बोलावून तो येत नसेल, तर समोर चूक ठेवायची. मग तो आल्याशिवाय राहणार नाही.

"माका एक चुकणारो माणूस व्हयो," ते म्हणाले. "हेमा, तुका गाडी येणा नाय मा?"

हेमांगीला गाडी येत नव्हती. मास्तरांची मुलगी असून ती इतकी वर्षं चालढकल करत आली होती. स्कूलचे मालक नंदकुमार यांनी रविवारी सकाळी गाडी द्यायचं कबूल केलं. "सीट तुझीच आहे भिकाजी. प्रीतमला फक्त बदलीवर घेतलाय. पाय आला की मला एक फोन टाक."

म्हणून दर रविवारी पार्कसाइटचा चढ. हेमांगी त्यांना उचलून सीटवर बसवायची, त्यांचा डावा पाय दोन्ही हातांनी धरून पेडलवर ठेवायची, आणि चुका करायला निघायची.

पण बाबांना चूक बघून गप्प बसणं कधी जमलंच नव्हतं. गिअरचा दांडा मुठीत आवळला की म्हणायचे, "गळो दाबू नको त्याचो. तळव्यान ढकल, तो आपणच जाता." दुसऱ्यातून तिसऱ्यात घाई केली की म्हणायचे, "मधी जरा श्वास घे. गाडीकय घेवंदे." चढावर हाफ क्लच धरायची वेळ आली की ते डोळे मिटून घ्यायचे. "बॉनेट जरासा नाक वर करता. कळला? ता झाला काय हँडब्रेक सोड. आधी नको."

आणि आईने एका दुपारी तेल लावताना त्यांचा खांदा पाहिला.

"गो हेमा, काय करतंस तू ह्यांका? हयसर बघ, काळोनिळो झालो खांदो."

"आई, गचके बसायलाच हवेत. त्याशिवाय पाय कसा येणार?"

"बसांदेत." आई तेलाची वाटी बाजूला सारत म्हणाली. "पन जरा बेतान."

बेताने चुकणं कसं करतात ते हेमांगीला कळलं नाही. ती मनाशी ठरवून जायची, आज पाय मोकळा सोडायचा, गाडी बंद पडू द्यायची. आयत्या वेळी तो काळानिळा खांदा दिसायचा आणि टाच घट्ट जमिनीला टेकायची. गचके कमी होत गेले. बाबांच्या ते लक्षात आलं असेल.

एका रविवारी चढाच्या मध्यावर पुढचा पाण्याचा टँकर थांबला. हेमांगीही थांबली. टँकर सुटला तसा आधी हातभर मागे आला. तिने डावा पाय उचललाच. उचलला असं तिला वाटलं. आता गाडी मरणार, मागे स्कूटरवर एक बाई लेकराला पुढ्यात उभं करून थांबलेली. पण गाडी मेली नाही. इंजिनाचा आवाज खोल गेला, बॉनेटने नाक वर केलं आणि गाडी जागच्या जागी तोलून उभी राहिली. टँकर पुढे सरकला तशी तीही सरकली. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून हेमांगीला दिसलं, बाबांचा पाय पेडलबरोबर खाली गेला होता आणि आता सावकाश वर येत होता.

"बाबा! तुम्ही दाबलात?"

बाबा स्वतःच्या पायाकडे बघत राहिले, कुणी न सांगता पाहुणा दारात येऊन उभा राहावा तसे.

"दाबलंय वाटता," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "दाबलंय गो."

दोन पेडलं एका दांड्यावर असली की कोणाचा पाय कोणाला नेतोय हे बघून कळत नाही. जन्मभर ज्यांनी याच गोष्टीवर लोकांना हिंमत दिली, त्या बाबांना त्या वेळी ती आठवली नाही. हेमांगीला आठवायची नव्हती.

घरी आईने देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं, पण बाबांचे शब्द अडखळत म्हणून ते तिने आपल्याकडे घेतलं होतं. "जसो पाय दिलंस, तसो राखून घे रे म्हाराजा," ती म्हणाली, आणि खुर्चीतून बाबा वाकड्या तोंडाने मोठ्यांदा म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मग त्यांनी नंदकुमारना फोन लावायला सांगितलं.

पुढच्या रविवारी नंदकुमार स्वतः आले आणि मागच्या सीटवर बसले. "बिनधास्त चालव गं. मी नाहीच असं समज."

चढाच्या पायथ्याशी गतिरोधक आहे. गाडी त्यावरून गेली तेव्हा बाबांचा पाय पेडलवरून घसरला आणि दाराच्या बाजूला आडवा पडला. हेमांगीने तो पाहिला, पण मागे बस होती, थांबता आलं नाही. चढाच्या मध्यावर पुढची गाडी थांबली, हेमांगीही थांबली, पुन्हा सुटली. आवाज जड झाला, बॉनेट उचललं, गाडी वर गेली.

"झकास!" नंदकुमारनी मागून सीटवर थाप मारली. "लोण्यासारखी गेली रे! भिकाजी, आला तुझा पाय! उद्या सकाळची बॅच तुला देतो. कॉलेजची पोरगी आहे, एकदम कोरी. पहिल्याच दिवशी हायवे बघायचाय म्हणते."

हेमांगीने खाली पाहिलं. डावीकडचं पेडल एकटंच वर आलं होतं. तिने मान वर केली तेव्हा बाबाही तिथेच बघत होते. सांगितलं तर त्यांचं तोंड कसं होईल ते तिला दिसत होतं. न सांगितलं तर उद्या ती कोरी मुलगी हायवेवर या पायाच्या भरवशावर असणार होती.

"बाजूक घे," बाबा म्हणाले.

तिने गाडी कडेला घेतली.

"माझो पाय पेडलवर ठेव."

ती खाली वाकली. पाय जड होता. तिने तो नीट, टाच टेकवून ठेवला.

"आता सोड. एकदम. नवशिक्यासारखो."

तिने पहिला गिअर टाकला आणि पाय सोडला. गाडी हलक्याने पुढे निघाली. तिने ब्रेक लावला.

"मुद्दाम मऊ करू नको."

"मी नाही करत बाबा. तो आपणच..." ती बोलता बोलता थांबली.

"काय चाललंय काय तुमचं बापलेकीचं?" नंदकुमारनी विचारलं.

दुसऱ्यांदा तिने गुडघाच वर ओढून घेतला. गाडी उसळली आणि मेली. बाबा डॅशबोर्डवर आपटायचे, नंदकुमारनी मागून खांदा धरला म्हणून वाचले. वर आलेल्या पेडलने त्यांचा पाय उडवला होता. तो पुन्हा दाराशी जाऊन पडला होता.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं.

"नंदू," ते म्हणाले, "त्या पोरीक प्रीतमकडे दी."

"अरे भिकाजी, एवढ्यात कशाला... अजून महिनाभर बघू की..."

"नाय रे. गाडी ह्या चेडवान चालवली. आज पण, मागच्या टायमाक पण. मी नुसतो बसललंय." त्यांनी उजव्या हाताने दाराची कडी ओढायचा प्रयत्न केला. "माका मागे बसव."

हेमांगी उतरली. तिने आणि नंदकुमारनी मिळून त्यांना पुढच्या सीटवरून काढलं आणि मागे बसवलं. या गाडीत मागे बसायची त्यांची पहिलीच वेळ. गुडघे कुठे घालावेत ते त्यांना समजेना. हेमांगीने मधला आरसा सरळ केला तेव्हा त्यात ते खिडकीबाहेर बघताना दिसले, भाड्याच्या गाडीत बसलेल्या माणसासारखे.

"निघ. आता घराक चल," ते म्हणाले.

नंदकुमार पुढे, बाबांच्या सीटवर बसले. क्लच आणि ब्रेक त्यांच्या पायाशीच होते. हेमांगीने गाडी सुरू केली आणि उतारावरून दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू खाली आणली. नंदकुमारनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि पेडलांना बूट लागू नये म्हणून घरापर्यंत तसेच अवघडून बसले.