नळवाल्याचं मानपत्र

"हे एवढं कापा, सर," मारोतरावांनी कागदावर बोट ठेवलं. बोट 'अजातशत्रू'वर होतं.

यज्ञेश्वर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. गावात कोणी निवृत्त झालं की मानपत्र लिहायचं काम सरांकडे. आजवर पोस्टमन, शाळेतल्या दोन बाई आणि सोसायटीचे सचिव एकाच साच्यातून हसतमुख, मनमिळाऊ, अजातशत्रू होऊन घरी गेले होते. कापा म्हणणारा हा पहिलाच.

"अहो, ज्याला शत्रूच जन्मला नाही असा. मोठा शब्द आहे."

"म्हनूनच कापा. माहे दुश्मन जलमले, वाढले, त्यायच्या पोरायचे लग्नंबी झाले. उद्या समोरच्याच खुर्च्यांवर बसतीन. हसतीन ना सारे."

खोटं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मारोतराव पंचायतीच्या नळयोजनेचे वाल उघडत-मिटत आले होते. चार दिवसांआड पाणी, पाच गल्ल्या, गल्लीला मोजून वीस मिनिटं. वालची लांब लोखंडी चावी सायकलच्या दांड्याला बांधलेली, नजर मनगटावर. विसाव्या मिनिटाला बाया दारातून म्हणायच्या, "भाऊजी, एकच बकेट राह्यली ना." भाऊजींचा हात थांबत नसे. नळाला मोटार लावणाऱ्या दोघांच्या मोटारी त्यांनी उचलून पंचायतीत नेऊन ठेवल्या होत्या. ते दोघं अजून मान फिरवून जातात.

"बरं, मनमिळाऊ तरी राहू द्या?"

"तुमीच सांगा, सर."

सरांनी तोही शब्द खोडला. त्यांच्याही गल्लीचं पाणी विसाव्या मिनिटालाच जात होतं.

मग त्यांनी पिशवीतून शब्दकोश काढला. जाडजूड, पाठीला चिकटपट्टी मारलेला. मारोतराव खाटेवरून पुढे सरकले. एवढे शब्द जगात आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. एवढ्यांत आपला एक तरी असणारच, असं त्यांना वाटून गेलं.

"शिस्तप्रिय," सर म्हणाले.

"प्रिय कायची? हात दुखे. पानी कमी होतं, म्हनून शिस्त होती."

"कर्तव्यकठोर. हा चपखल बसतो."

"कठोरचं काय लिवलं हाय त्याच्यात?"

सरांनी पान काढलं. "कठीण, निर्दय..." ते जरा अडखळले. "पण पुढे कर्तव्य लागलं की त्याचा गुण होतो."

"निर्दयच्या पुढं काईबी लावा, सर, मांगं तो निर्दय उभाच राह्यते."

सरांना हसू आलं, पण मारोतराव हसत नव्हते. "फ्रेम घरात लागन. नात दुसरीत हाय, सुरभी. दिसन ते वाचते अन् इचारते, आबा, हे काहून लिवलं? खोटं असलं त मी काय सांगू तिले?"

आता सरांनाही चेव आला. पानं फडफडली. अखेर एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "निःपक्षपाती. कोणाचीही बाजू न घेणारा."

मारोतरावांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. जरा जड होता, पण बसत होता. "हा ठेवा," ते म्हणाले, आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

तेवढ्यात मारोतरावांच्या पत्नी विमलताई चहा घेऊन आल्या. आतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. कपबशी ठेवून त्या तिथेच दाराला टेकल्या.

"बाजू न घेनारा म्हंता, सर? आमच्या पोरीच्या, दिपालीच्या लग्नात दारात मांडव, पंगत बसलेली. यायनं विसाव्या मिनिटाले वाल बंद केला. मी नव्या लुगड्यात हापशीवर गेलती, दहा गुंड पानी आनलं. साऱ्या गावाची बाजू घेतली ना यायनं. फक्त माही नाई घेतली. मंग त्याले काय म्हनते तुमचं पुस्तक?"

आवाजात राग नव्हता. बाजारात एखादी वस्तू आहे का नाही विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं. सरांनी खरोखरच दोन-चार पानं उलटली. मग कोश मिटून मांडीवर ठेवला.

मारोतरावांच्या चहावर साय धरली. दिपालीच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. हापशीची गोष्ट घरात कधी निघाली नव्हती, म्हणून ती मिटली असं ते धरून चालले होते.

"हेबी कापा," ते हळूच म्हणाले.

"मग लिहू काय?"

"लिवा, वेळेवर सोडे, वेळेवर बंद करे."

"हा काय गुण झाला, मारोतराव?"

"न का होईना. सुरभीनं इचारलं त सांगता येते."

तसंच लिहिलं गेलं. बोरी अरबच्या बाजारातून फ्रेम करून आली. सभेत शाल, नारळ झाला आणि चावी नव्या नळवाल्याच्या, रूपसिंगच्या हाती गेली.

पुढच्या पाळीला मारोतराव खाटेवर बसून होते. नळ आला. विमलताईंनी गुंड भरले, बकेटा भरल्या, ड्रमात पाइप सोडला. वीस मिनिटं झाली. पाणी चालूच. नव्या माणसाचा हात अजून बसायचा होता. गल्लीत बाया खुशीत एकमेकींना हाका मारत होत्या. मारोतरावांनी मनगटाकडे पाहिलं. चावी धरल्यासारखी उजवी मूठ मांडीवर नकळत वळली आणि तिथंच थांबली.

विमलताईंनी ते पाहिलं. भिंतीवरचं घड्याळही पाहिलं. मग वाकून त्यांनी आपल्या नळाची तोटी घट्ट बंद केली.

"पुढच्या गल्लीले जाऊ द्या," असं कोणाकडेच न बघता म्हणाल्या आणि गुंड कडेवर घेऊन आत गेल्या.

ड्रम अर्धा रिकामाच राहिला.