हिरव्या गिटारचा गंज

बाईने पेटी काउंटरवर ठेवली तेव्हाच गिटारवाल्याने ती ओळखली. झाकणावर त्याच्याच दुकानाचा स्टिकर होता, एक कोपरा सुटलेला, आणि शेजारी जाड मार्करने लिहिलेला पोलिसांचा केस नंबर.

"माझ्या धाकट्या भावाची गिटार आहे," ती म्हणाली. "पाच वर्षं पोलीस ठाण्याच्या तळघरात पडून होती. केस कधीच संपली, पण परत आत्ता मिळाली."

तिने झाकण उघडलं. आतून ओल्या भिंतीचा वास आला. गिटार हिरवीगार होती, पण तारा ज्या लोखंडी पट्टीवर टेकतात तो ब्रिज तांबूस पडला होता. स्क्रूंची डोकी गंजाने फुगली होती. तारा ताणायच्या वरच्या चाव्या फिरत नव्हत्या.

"एवढा गंज काढून द्या. पण रंगाला धक्का लागता कामा नये. रंग त्याने स्वतः मारलाय, गच्चीवर, स्प्रेच्या डब्यांनी. दोरीवरचे सगळे कपडे हिरवे झाले होते. आई आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती."

"रंग पातळ आहे, ताई. वेळ लागेल."

"लागू दे. आता कुठे घाई आहे."

गिटारवाल्याने पेटी जवळ ओढली आणि खाली मान घालून विचारलं, "केसचं काय झालं शेवटी?"

"हॉलच्या वायरमनला दीड वर्षाची शिक्षा झाली. भोगून सुटला तो. लायसन्स गेलं त्याचं, आता गोदामात पोती उचलतो." ती जरा थांबली. "सुटल्यापासून दर वर्षी त्या तारखेला आमच्या दारात येऊन उभा राहतो. माफ करा म्हणतो. बाबा तोंडावर दार आपटतात. या वर्षी मी खिडकीतून बघितलं, दार लागल्यावरही बराच वेळ तिथेच उभा होता."

ती गेल्यावर गिटारवाला स्टुलावर बसला.

हॉलमधल्या बँडच्या त्या कार्यक्रमात धाकटा एका हाताने तारा धरून गायला पुढे झाला होता. ओठ माइकला लागले आणि शॉक बसून तो जागच्या जागीच गेला. पोलिसांनी हॉलचा विजेचा बोर्ड उघडला, तर अर्थिंगचा स्क्रू ढिला सापडला. मग पुढे कुणी काही बघितलंच नाही. गिटारचा आवाज वाढवणारा अॅम्प कुणीतरी घाईघाईत ओढून बाजूला केला होता, आणि बँडमधल्या एका मित्राने तो नकोसा होऊन भंगारात घातला.

पण कार्यक्रमाच्या चार दिवस आधी तोच अॅम्प याच काउंटरवर होता. "काका, फार गुणगुणतो हा," धाकटा म्हणाला होता, "आणि प्रॅक्टिसच्या खोलीतल्या सॉकेटला भोकं दोनच आहेत." गिटारवाल्याने कटर घेतला आणि प्लगची तिसरी पिन, शॉकपासून वाचवणारी अर्थिंगची, कापून टाकली. दोन मिनिटांचं काम. गुणगुण थांबली. धाकटा खूश झाला.

बातमी कळली त्या दिवसापासून त्याने याबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. बोर्डच खराब होता, असं स्वतःला सांगत आला होता. खटला चालू असताना कोर्टाच्या रस्त्याने जायचंही तो टाळायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काम हातात घेतलं. जुन्या तारा कापून काढल्या. ब्रिजच्या चारी बाजूंनी रंगावर कागदी टेप लावला, त्यावर मऊ कापड. तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपवरही टेप चिकटवला, कारण ते लोहचुंबक, घासताना उडालेला लोखंडाचा भुगा ओढून घेतात. स्क्रू जागचा हलेना. जोर केला असता तर स्क्रूड्रायव्हर निसटून रंगावर ओरखडा गेला असता. त्याने सोल्डरिंगच्या गरम टोकाने एकेक डोकं तापवलं, सुईच्या टोकाने तेलाचा थेंब सोडला आणि दिवसभर तसंच ठेवलं. तेल रंगाकडे ओघळलं की लगेच कापसाने टिपून घ्यायचा. एरवी अशा कामात तो शिट्टी वाजवायचा. या वेळी रेडिओसुद्धा लावला नाही.

तिसऱ्या दिवशी स्क्रू निघाले. ते त्याने व्हिनेगरमध्ये टाकले. ब्रिजवर मात्र चकाकीचा मुलामा होता, तो व्हिनेगरने उडाला असता. म्हणून अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा तेलात बुडवून हलक्या हाताने घासत राहिला. गंज निघाला, पण जिथे मुलामा खाल्ला गेला होता तिथे बारीक खड्डे राहिलेच.

ब्रिज उचलला तेव्हा खाली रंगात अंगठ्याचा ठसा दिसला. रंग वाळायच्या आत बघायला बोट लावलेलं असणार. आणि त्याच्या शेजारी भोकातून बाहेर आलेली एक बारीक वायर, तारांना अर्थिंगशी जोडणारी. तिचं टोक गंजून तुटलं होतं. गिटारवाल्याने नवं टोक सोलून काढलं आणि सोल्डर तापवलं. तीनदा प्रयत्न करून ते जोडलं गेलं.

पाचव्या दिवशी ती न्यायला आली. लॅबमधल्या नोकरीवरून थेट आली होती, बाहीवर औषधाचा डाग होता. गिटार बघून तिने रंगावरून हात फिरवला.

"सुंदर झालं हो. कुठे एक चरासुद्धा नाही."

"ताई, बसा जरा."

"का? काही राहिलंय?"

त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अॅम्प, दोन भोकांचं सॉकेट, कटर. ती ऐकत राहिली. तिचा हात गिटारवरच होता.

"त्याला माहीत होतं, पिन कापली ते?"

"माझ्यासमोरच उभा होता. पण त्याने काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

"आणि वायरमनचा स्क्रू?"

"घट्ट असता तरी फरक पडला नसता. पिनच नव्हती."

तिने पेटीचं झाकण लावलं, कड्या नीट बसल्या का ते बघितलं. मग म्हणाली, "मला सांगून मोकळा होऊ नकोस. दुकान बंद कर आणि चल माझ्याबरोबर."

वायरमनचं घर गोदामांच्या मागच्या गल्लीत होतं, जिन्याखालची एक खोली. त्याची बायको ताटात तांदळाचं निवडण घेऊन बसली होती. वायरमन नुकताच कामावरून येऊन पाय धूत होता. ताईला दारात बघून तो ओल्या पायांनी तसाच उभा राहिला.

"मी चुकलो," तो पहिल्यांदा हेच बोलला.

"तुम्ही काही बोलू नका," ताई म्हणाली. "यांचं ऐका."

गिटारवाल्याने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. वायरमनने एकच प्रश्न विचारला, आणि तोच पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

"म्हणजे मी घट्ट केला असता तरी?"

"तरी."

"मी घट्ट केला होता, असं मला वाटायचं. आत गेल्यावर वाटेनासं झालं. रोज रात्री तो स्क्रू आठवायचो."

त्याची बायको उठली. "कोर्टात का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"आम्हालाही वाटत होती," ती म्हणाली. "यांची आई गेली तेव्हा हे आत होते. खांदा द्यायलाही सोडलं नाही." मग तिने निवडणाचं ताट उचललं आणि पडद्याआडच्या ओट्याकडे वळली.

वायरमन भिंतीला टेकून खाली बसला. गिटारवाल्याला वाटलं होतं, हा अंगावर धावून येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

तिथून तिघं पोलीस ठाण्यात गेली. साहेब वैतागले. "बंद झालेली केस आता कशाला उकरून काढताय? कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर?" गिटारवाल्याने नाही म्हणून सांगितलं आणि जबाब लिहून दिला. वायरमनने तो वाचायला मागितला. ओळीखाली बोट धरून सावकाश दोनदा वाचला, परत दिला आणि बाहेर पडला.

खटला पुन्हा उभा राहायला वर्ष गेलं. वायरमन निर्दोष ठरला. पेपरात आतल्या पानावर तीन ओळी आल्या. लायसन्स परत मिळत होतं, पण त्याने अर्जच केला नाही. गोदामातून सुट्टी मिळाली नाही म्हणून निकालाच्या दिवशी तो कोर्टातही आला नव्हता. ताई आली होती, मागच्या बाकावर एकटी.

गिटारवाल्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याची बायको महिन्यातून एकदा भेटायला यायची. जाळीपलीकडे बसून मुलीच्या शाळेचं सांगायची, घरातल्या गळक्या नळाचं सांगायची. ते सांगून झालं की वेळ संपायच्या आधीच ती उठायची.