बोट ठेवलं की चालणारा बोर्ड

हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही, पैज लावतो. पण आज साहेब स्वतः चहाच्या टेबलावर येऊन बसलेत आणि विचारतायत, "मामा, त्या बोर्डाचं नेमकं झालं काय?" म्हणून सांगतो. अकरा दिवस धड झोप नाही, तेव्हा मधेच जांभई आली तर सांभाळून घ्या.

आखणी माझी, जोडणी ताईंची. ह्या काय, समोरच बसल्यात. एकूण चाळीस बोर्ड करायचे होते. दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजमध्ये एकेक बसवायचा, त्याने आतलं तापमान केबलवरून कचेरीत कळवायचं. काम एवढंच, आणि पहिल्याच बोर्डाला नेमकं तेच जमेना. केबल लावली की नेटवर्कच्या चिपशेजारचा हिरवा दिवा लागायचा. कधी चार मिनिटं, कधी चाळीस, की गेला. मग रुसून गेलेल्या जावयासारखा, कुणी न बोलावता, आपला आपण परत यायचा. सारखाच बिघडला असता तर धरता आला असता हो! हा मी बघायला बसलो की शहाण्यासारखा वागायचा आणि पाणी प्यायला उठलो की मान टाकायचा.

केबली बदलल्या. पलीकडचा स्विच बदलला. चिपला वीज नीट मिळते का ते दोन दिवस पडद्यावरच्या रेघेत बघत बसलो. रेघ सरळ, माझी मान वाकडी. नवीन चिप आणली, तीही तशीच. शेवटी शेवटी तर त्या दिव्याकडे बघायचाच कंटाळा यायला लागला.

मग साहेब, तुम्ही दाराशी येऊन म्हणालात, "सोल्डर कच्चा असणार. ताईंचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. हात त्यांचाच चुकला असेल, तर उद्यापासून त्यांना पॅकिंगला बसवू."

ताई एकवीस वर्षं ज्या टेबलाशी बसल्या, तिथेच परत बसल्या आणि ती चिप भिंगाखाली चार वेळा काढून चार वेळा लावली. अठ्ठेचाळीस पाय त्या चिपला, मुंगीचे बरे. एकही कच्चा नव्हता. तरी दिवा गेलाच.

नवव्या दिवशी दुपारी मी इतका दमलो होतो की डबा न उघडताच टेबलावर डोकं टेकलं. हात पसरला तो थेट बोर्डावर, आणि एक बोट पडलं क्रिस्टलवर. क्रिस्टल म्हणजे चिपचं घड्याळ. त्याच्या ठोक्यावर ती बोलते. डोळा उघडून बघतो तर दिवा ढिम्म. विझायचं नाव नाही. बोट उचललं, थोड्या वेळाने गेला. ठेवलं, आला.

मग काय, ते बोट मी दोन दिवस उचललंच नाही. जेवलो डाव्या हाताने. दाढीला न्हावी इथे बोलावला. बायको येऊन विचारून गेली, "घरी येताय, की ह्या बोर्डाशीच संसार मांडलाय?" बोट असं तापलं होतं की गार झालेला चहा त्याने ढवळला तर वाफा यायच्या!

"एकाच बोटाने बोर्ड पण आणि चहा पण?" स्टोअरवाला विचारतो. "आणि आंघोळ?"

बोट सोडून बाकीची केली. मधे बोलू नकोस रे, धागा तुटतो.

तर मुद्दा असा. क्रिस्टलच्या शेजारी दोन कपॅसिटर असतात, राईएवढे. ठोका किती जलद पडायचा ते त्यांच्यावर ठरतं. चिपच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, बघितलं तर हवे होते बावीसचे, आणि मोजले तर निघाले दहाचे. म्हणून घड्याळ किंचित पुढे धावत होतं, आणि पलीकडच्या स्विचला ह्याचं बोलणं मधेच कळेनासं व्हायचं. माझ्या बोटाने तेवढी कमी भरून निघत होती. काल सकाळी दोन्ही बदलले. तेव्हापासून दिवा हललेला नाही.

साहेब कप खाली ठेवतात. "म्हणजे बावीसच्या जागी दहाचे बसवले. बसवले कुणी?"

बसवणारं माणूस ह्या खोलीत एकच.

मी काय म्हणतो साहेब, ह्या कपॅसिटरवर आकडा छापलेलाच नसतो. सगळे दिसायला सारखेच. सुट्या भागांच्या यादीत बावीसच असणार, मी काही ती परत बघितली नाही. एवढ्या घाईत कुणाचाही हात...

"मामा," ताई म्हणतात, "दोन दिवसांचं बोट मी ऐकून घेतलं, न्हावीही ऐकून घेतला. पण हे खोटं आहे. यादीत दहा लिहिलंय, तुमच्या हाताने. मी तेव्हा विचारलंही होतं, एकदा डेटाशीट बघता का म्हणून. तर तुम्ही काय म्हणालात? तीस वर्षं दहाच लावतोय, बघायचंय काय त्यात!"