सत्काराचा सामना

खेळाडू कसा घडतो हे सोनाळ्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. घडलेला मात्र एकही दाखवता आला नसता. नूरबीचा अल्तमश एका व्यावसायिक कबड्डी संघाच्या निवड चाचणीला नागपूरला जाणार, ही बातमी फुटली आणि तिच्या ओट्यावर शहाण्यांची रीघ लागली. कुणी म्हणे बदाम खा, कुणी म्हणे वशिला लाव. हेच पोरगं लग्नात गुडघा लचकेल म्हणून नाचायचं नाही, ईदचा शीरखुर्मा दोन चमच्यांवर थांबवायचं, तेव्हा याच तोंडांनी त्याला शिष्ट ठरवलं होतं. नूरबी चहा देत होती आणि मनातल्या मनात एकेकाला उभा-आडवा झोडपत होती.

निघायच्या आदल्या दुपारी पुढारी महादेवराव आले. "अल्तमश, आज संध्याकाळी तुह्या सत्काराचा सामना ठेवला बे! बाजूच्या गावचे पोट्टे येऊन राह्यले."

"चाचणी उद्या हाय न, भाऊ? मंग आज काऊन खेळवता?" नूरबीने विचारलं.

"घंटाभराचा खेळ, वहिनी. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

नूरबीचा नवरा अब्दुल गनी एवढ्यानेच फुगला. बिचाऱ्याच्या सायकलच्या दुकानात महादेवराव कधी हवा भरायलाही थांबले नव्हते, आज ओट्यावर बसले होते! अल्तमश हो म्हणेल, याची नूरबीला धास्ती वाटली. गावाला इज्जत हवी असली की ती नेहमी दुसऱ्याच्या पोराच्या हाडांतूनच का काढतात, हे तिला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी शाळेमागच्या खडकाळ मैदानावर भोंगा लागला. माइकवर गोकुळ होता. एके काळी गावचा सगळ्यात चपळ गडी. असल्याच एका सामन्यात गुडघा फुटला, तेव्हापासून लंगडतो. महादेवरावांनी अल्तमशला शाल घातली, नारळ दिला, फोटो काढून घेतला. समोरच्या संघातले दांडगे पोट्टे मांड्या थोपटत उभे होते. गावच्या हिरोला एकदा तरी आपटायचं, एवढ्याचसाठी आले होते ते.

"चाल, उतर," महादेवराव म्हणाले.

अल्तमशने शाल काढून घडी घातली, नारळासकट खुर्चीवर ठेवली. "मी नाई खेळत, काका."

गर्दी खवळली. भित्रा, माजला, अजून निवड नाही तर एवढी ऐट! अब्दुल गनी शरमेने मान खाली घालून बसला. नूरबी बायकांच्या घोळक्यातून पुढे सरकली. पोराची नजर बापाच्या झुकलेल्या मानेकडे गेली, तिला दिसलं. आता हा उतरतो, असंच तिला वाटलं.

पण अल्तमश जागचा हलला नाही. "आज माहा गुडघा गेला त काय करसान तुमी? गोकुळभाऊचा गेला, तवा काय केलं?"

भोंगा खरखरला. गोकुळने माइक खाली धरला होता.

महादेवराव खरोखरच बुचकळ्यात पडले. "काऊन बे? त्याचा बी सत्कार केला न आपन!"

आणि सवयीने चार-दोन जणांनी टाळ्या वाजवल्या.

नूरबीने पोराची पिशवी उचलली. "चाल घरी, झोप लवकर," ती म्हणाली, आणि गावादेखत मैदानावर थुंकली.