खाऱ्या पाण्यातला घास

शेवाळाविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे: ते विनाकारण वाढत नाही. त्याला प्रकाश लागतो आणि कुणीतरी टाकलेले अन्न लागते. ही दोन्ही कारणे मी बंद केली होती, निदान तशी माझी समजूत होती, आणि तरीही ते वाढत होते. माझ्या संतापाचे मूळ शेवाळात नव्हते. ते या ‘तरीही’मध्ये होते.

मुलुंडच्या आमच्या घरात, दिवाणखान्याच्या भिंतीशी, खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी आहे. ती माझी नव्हे. माझी मुलगी अक्षता हिने ती उभी केली, अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून तिच्यात एक मऊ प्रवाळ वाढवले, आणि नोकरीसाठी बंगळुरूला जाताना सारा संसार माझ्या स्वाधीन केला. प्रवाळ म्हटले की लोकांना अंगठीतले पोवळे आठवते. हे प्रवाळ जिवंत आहे. आकाराने उघड्या छत्रीसारखे, आणि प्रसन्न असले म्हणजे त्या छत्रीवर असंख्य बारीक फुलोरे उमलून प्रवाहात डोलतात.

“बाबा, बाकी काही गेलं तरी चालेल,” ती निघताना म्हणाली होती, “हे मात्र मरू देऊ नका.”

आता ती गणपतीला येणार होती आणि छत्री मिटलेली होती. हिरव्या, केसाळ शेवाळाने तिला देठापासून वेढले होते. मी जुन्या टूथब्रशने ते उपटत असे; चार दिवसांत ते पूर्ववत होई, आणि अधिक दाट होई.

कुर्ल्याला मासे आणि टाक्या विकणारा प्रबुद्ध माझा सल्लागार होता. त्याचा प्रत्येक सल्ला बाटलीत भरलेला असे.

“सर, तुम्ही जास्त खायला घालता,” तो म्हणाला.

“मी चिमूटभर घालतो.”

“मग चिमूट मोठी असेल.”

“माझी चिमूट माझ्याच बोटांची आहे, प्रबुद्ध. गेल्या वर्षीही हीच बोटे होती, आणि तेव्हा शेवाळ नव्हते.”

“मग गोगलगायी न्या. झकास काम करतात.”

गोगलगायी आणल्या. त्यांनी काच चाटून स्वच्छ केली, दगड स्वच्छ केले, आणि त्या केसाळ शेवाळाच्या कडेपर्यंत येऊन शिष्टाचाराने मागे वळल्या. नळाचे पाणी बंद करून शुद्ध केलेले पाणी आणले. दिव्यांची वेळ निम्मी केली. माशांचे जेवण एक दिवसाआड केले, आणि आश्चर्य असे की उपाशी ठेवलेले ते दोन नारिंगी-पांढरे क्लाऊन मासे दिवसेंदिवस गुटगुटीत दिसू लागले.

या विसंगतीकडे मी लक्ष द्यायला हवे होते. त्याऐवजी माझे लक्ष दुसऱ्या एका विसंगतीने वेधले. टाकीला स्किमर नावाचे एक यंत्र असते. ते पाणी घुसळून फेस काढते आणि फेसाबरोबर घाण बाहेर टाकते. रविवारी घरी असताना मी पाहिले की सकाळी भरगच्च येणारा फेस दुपारी मी आंघोळ करून येईपर्यंत बसलेला असतो. ग्रंथ चाळले. फेस बसतो तो पाण्यात स्निग्ध पदार्थ गेल्यामुळे.

“तू हाताला क्रीम लावतेस,” मी विमलेला, माझ्या पत्नीला, म्हणालो.

“मग?”

“तो हात टाकीत घालतेस का?”

“अहो, मी त्या टाकीकडे बघतसुद्धा नाही. हात कशाला घालू? आंघोळ घालायचीय का माशांना?”

“तेल कुठून तरी येते आहे.”

“तुमच्या डोक्यातून गळत असेल. दिवसभर त्यात वाकलेले असता.”

शेवटचा उपाय उरला होता तो अंधाराचा. काही दिवस सारे दिवे बंद ठेवायचे आणि टाकी झाकून टाकायची. प्रकाशावाचून शेवाळ मरते, प्रवाळ तग धरते. विमलेची ठेवणीतली सोलापुरी चादर तिचा निषेध डावलून मी टाकीवर पांघरली. संध्याकाळी अंधेरीच्या कार्यालयातून परत आलो तर चादरीचा एक कोपरा ओला होता आणि मी घातली होती त्याहून वेगळी घडी पडली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. विमलेला विचारले; तिने हातही लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली, आतल्या खोलीत दार लोटून बसलो आणि फटीतून पहारा करू लागलो.

दुपारी कुकर उतरला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. माझी आई, द्रौपदीबाई, गुडघ्यांमुळे भिंतीला धरून चालते. पण त्या दिवशी तिने भिंत धरली नव्हती, कारण उजव्या तळहातावर ती काहीतरी जपून आणत होती. टाकीपाशी येऊन तिने चादरीचा कोपरा उचलला, वरची काच सरकवली, वरण-तूप कालवलेल्या भाताचा लिंबाएवढा घास अलगद पाण्यात सोडला, त्याच पाण्यात बोटे खळबळली, आणि हात जोडले.

“आई!” मी बाहेर धावलो. “हे काय करतेस?”

“घास घालतंय. ओरडतंस कित्याक?”

“अगं, मासे आहेत ते!”

“दिसतत माका. कावळे खंय आसत?”

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वडील गेल्यापासून आई रोज जेवणाआधी त्यांच्या नावाने कावळ्याला घास ठेवीत असे, स्वयंपाकघराच्या खिडकीत. गेल्या वर्षी आमच्या गृहनिर्माण संस्थेत कबुतरांचा उपद्रव विकोपाला गेला. जमिनीच्या व्यवहारांचे दस्त लिहिणे हा माझा व्यवसाय. तेव्हा पक्ष्यांना खाऊ घालण्यावर बंदी, सर्व खिडक्यांना जाळी आणि गच्चीला कुलूप, असा ठराव मीच लिहिला, मीच मांडला आणि मीच लढवला. विरोधात एकटे चौथ्या मजल्यावरचे राजाराम उभे राहिले. त्यांचा मी मुद्देसूद पराभव केला. आमच्या खिडकीला जाळी बसली त्या दिवशी आई काहीच बोलली नव्हती, आणि मी त्याचा अर्थ संमती असा लावला होता.

“जाळी तूच लावलंस मां?” आई म्हणाली. “मगे घास खंय घालू? तुझ्या डोक्यार?”

“म्हणून टाकीत?”

“पिंड पाण्यात सोडतत. भटजीनच सांगितलेला. आणि ह्या पाणी खारा आसा. तुझो बापूस देवबागचो. मुंबयत गिरणीत जल्म गेलो, पण दर्या काय तेच्या डोळ्यातसून गेलो नाय. कावळ्यापेक्षा ह्याच बरा.”

मी युक्तिवादावर पोट भरणारा माणूस आहे. मी हा युक्तिवाद कलमाकलमाने तपासला. आधार होता, परंपरा होती, आणि वडिलांच्या इच्छेचा पुरावा तर मी स्वतःच होतो. मला लहानपणी ते जुहूच्या वाळूत नेऊन तासन्‌तास गप्प बसत. शेवटी मी वस्तुस्थितीकडे वळलो. चादर दूर केली.

“हे बघ. तुझ्या वरण-तुपाने हे शेवाळ पोसलं जातंय, आणि त्याने हे प्रवाळ मरतंय. अक्षताचं प्रवाळ.”

आई वाकली. मिटलेल्या छत्रीवर तिने काचेबाहेरून बोट टेकवले.

“ह्या अक्षताचा?”

“हो.”

“माका वाटला, दगडार शेवाळ धरला, बरा दिसता. गावाक विहिरीत धरता तसा.” मग ती उसळली, “आदी बोलूक तोंड नव्हता तुका? त्या कुर्ल्याच्या पोराक इचारतंस, बायकोक इचारतंस, माका कोण इचारता?”

संध्याकाळी मी संस्थेचा सेक्रेटरी सिद्धेश याच्याकडे गेलो. मला फार काही नको होते. स्वयंपाकघराच्या जाळीला वीतभर झडप. सिद्धेशने मोबाइलवर ठराव उघडला आणि उघड आनंदाने वाचू लागला.

“‘कोणत्याही पक्ष्यास, कोणत्याही कारणास्तव, धार्मिक वा अन्य, खिडकीतून, गच्चीतून वा अन्य मार्गाने.’ काका, हे ‘अन्य मार्गाने’ काय भारी टाकलंय तुम्ही! सगळ्या पळवाटांची वाट लावलीत.”

“अपवाद करता येणार नाही?”

“‘अपवाद केला जाणार नाही.’ हे पण तुमचंच वाक्य आहे. सभेत ठराव बदलता येईल ना. पण मांडायला कुणीतरी उभं राहायला लागेल.”

“मांड की तू.”

“मी कशाला? अडचण तुमची. उभे राहा, सांगा, गेल्या वर्षी जरा जास्तच बोललो. राजारामकाका तर पेढे वाटतील.”

मी ताठ मानेने घरी आलो आणि सभेपुढे जाणार नाही असे जाहीर केले. घास गेटाबाहेर नेऊन ठेवण्याची तोड मी सुचवली. आईने ती ऐकूनही घेतली नाही. घरचा घास घरातूनच जायला हवा. विमलेने वेगळ्या बादलीत खारे पाणी ठेवण्याची सूचना केली. “बालदीत बापूस येतलो?” एवढे म्हणून आईने तीही निकालात काढली. शेवटी निर्णय तिनेच दिला.

“घास नाय. एक शीत. वरण नाय, तूप नाय. माझा नाव द्रौपदी आसा. शीतभरान भागता ता माका ठावक आसा. पण घालूचा तू. बापूस तुझो. आणि मासो शिवल्याशिवाय जागचो हलूचा नाय.”

या शेवटच्या अटीकडे मी पुरेसे लक्ष दिले नाही. दस्त लिहिणाऱ्याने शेवटची अट आधी वाचावी.

दुसऱ्या दिवशी डब्याचा भात होताच आईने मला हाक मारली. कार्यालयाचे कपडे घालून, बोटाच्या टोकावर भाताचे एक शीत घेऊन, मी टाकीपुढे उभा राहिलो आणि ते सोडले. मोठा क्लाऊन मासा आला. त्याने शीत तोंडात घेतले आणि थुंकले. मग दुसरा आला, त्याने नुसतेच पाहिले. तुपाची चटक लागलेल्या जिवांना कोरडा भात कसा रुचावा?

“शिवलो नाय,” आई म्हणाली.

“थुंकला म्हणजे शिवलाच की!”

“थुकलो म्हणजे रागान थुकलो. तेच्या मनात काय्येक रवला आसा. इचार.”

“मी माशाला विचारू?”

“बापाशीक इचार.”

विमला डबा घेऊन दारात उभी होती आणि पदराने तोंड झाकून हसत होती. “अहो, सांगा ना, देवबागचं घर शाकारून घेतो म्हणून.”

“देवबागचे घर शाकारून घेतो,” मी टाकीला म्हणालो. शीत दगडाच्या कडेला पडून राहिले.

“सांगा, आईंना दर्यावर नेऊन आणतो.”

“आईला दर्यावर नेऊन आणतो. माझी मीटिंग आहे, बाबा.”

मासे दगडामागे गेले. मी आईकडे पाहिले. तिचे लक्ष माशांकडे नव्हतेच. ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होती. जाळीच्या पलीकडे सज्ज्यावर एक कावळा येऊन बसला होता आणि मान तिरकी करून आत पाहत होता. मला वाटते, तो रोजच येत असावा.

“बरं!” मी ओरडलो. कोणावर, ते मला अद्याप ठरवता आलेले नाही. “मांडतो ठराव! मीच मांडतो, राजारामांसमोर उभा राहून मांडतो. झालं समाधान?”

मोठा मासा दगडामागून बाहेर आला आणि शीत गिळून गेला.

याचे शास्त्रीय स्पष्टीकरण आहे. तोवर शीत पाण्याने फुगून मऊ झाले होते, आणि मासा उपाशी होता. मी ते तिथल्या तिथे दिले. कोणी ऐकले नाही. आईने हात जोडले, विमलेने डबा माझ्या हाती दिला.

शेवाळ पुरते गेलेले नाही, पण आता उपटलेली जागा मोकळी राहते. फेस दुपारीही टिकतो. छत्रीच्या एका कडेला मूठभर फुलोरे उघडले आहेत. बाकीचे उघडतील की नाही, हे अक्षता येईल तेव्हा कळेल. सभा त्याआधी, येत्या रविवारी आहे. नव्या ठरावाचा मसुदा मी तीनदा फाडला, कारण जुन्या ठरावात मी खरोखरच एकही फट ठेवलेली नाही. त्याला अनुमोदक हवा, आणि तो एकच माणूस होऊ शकतो.

आज संध्याकाळी चौथ्या मजल्यावर जायला निघालो तेव्हा आईने एक छोटा डबा पुढे केला. आत वरण, भात आणि वर तुपाची धार होती.

“हा कशाला?”

“राजारामाक दी. तेची बायल गेली ता वरस झाला नाय अजून. तेचे पण घास अडाकले असतले.”