उपवासकाळातलं अंडं

आग्नेल गेला तो प्रोटीन कमी पडून, असा निकाल नंदाखाल गावाने सातव्या दिवसाच्या प्रार्थनेआधीच लावून टाकला होता. पुतण्या कॅल्विनने जिममधून पावडरचा डबा आणला. आता आणला, आग्नेलच्या बायकोसाठी. शेजारची एलिना उकडलेली अंडी घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, “पोरगी कॉलेजात प्रोटीन शिकवते नि बापाला घरात मिळेना! काय म्हणायचं याला?”

सँड्राने अंडी घेतली, आभार मानले. पप्पांच्या हृदयाबद्दल डॉक्टर सांगत होते, तेव्हा घरच्यांपैकी ते समजलेली ती एकटीच होती. त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

एलिनाचं बोलणं लागलं ते मम्मीला, इझाबेलला. तिने उपवासकाळात घरात मटण-मच्छीच काय, अंडंही येऊ दिलं नव्हतं. आजाऱ्याला सूट असते, हे फादर स्वतः सांगून गेले. ती बधली नाही. तो बरा व्हावा म्हणूनच तर ती इतकं कडक पाळत होती. ईस्टर दोन-तीन दिवसांवर असताना तो गेला. तेव्हापासून तिच्या पोटात धड अन्न नव्हतं. “मीच मारलं त्याला,” एवढंच म्हणायची.

प्रार्थना आटोपली, माणसं गेली. सगळ्यांनी जपमाळा बिस्किटांच्या डब्यात टाकल्या होत्या. सँड्रा एक उचलायला गेली, तर अख्खा गुंता वर आला.

“मम्मी, हे बघ. प्रोटीन म्हणजे अशीच माळ. कुठला मणी कुठल्या मण्यानंतर, ते ठरलेलं. मग ती कुठे पिळा घेते, कुठे चुण्या पडतात, आणि शेवटी सगळी मिळून नीट घडी बसते. कधी अशा चार माळा मिळून एक काम करतात.”

“मग?”

“पप्पांच्या एका प्रोटीनची घडीच चुकत होती. मणी तेच, क्रम तोच. पण चुकलेल्या माळा अशा एकमेकींत अडकून हृदयात साचल्या. हृदय कडक झालं.”

इझाबेल गुंत्याकडे बघत राहिली. “म्हणजे कमी नव्हतं पडलं?”

“नाही. नको तिथे साचलं होतं.”

“अंडं दिलं असतं तरी वाचला नसता?”

“नसते वाचले.”

सँड्राला वाटलं, सुटली मम्मी एकदाची. इतक्या वर्षांत तिचा धडा कुणाला इतका नीट कळला नव्हता.

“म्हणजे, बाय,” इझाबेल सावकाश म्हणाली, “दिलं असतं तरी चाललं असतं. रोज सकाळी मागायचा गं. अर्धं तरी दे म्हणायचा.”

सँड्रा माळा सोडवत बसली. इझाबेलने एलिनाच्या अंड्यांतलं एक सोललं, मीठ लावलं, अर्धं खाल्लं. अर्धं बशीत तसंच ठेवलं.

सकाळी एलिना भांडं न्यायला आली. इझाबेलकडे बघून म्हणाली, “बघ, प्रोटीन पोटात गेलं तशी कशी तरतरी आली!”

सँड्राने पुन्हा आभार मानले.